विरजणाची आरोळी

१ नोव्हेंबर १९८१, रविवार

ही डायरी डेअरीने फुकट वाटलेली. माझी बायको गुन्वोर हिच्यात हवामान लिहायची. तिची शेवटची नोंद ९ फेब्रुवारीची आहे: ‘उत्तरेचा वारा. सेव्हेरीन फार खोकतो.’ चौदाला ती गेली आणि खोकणारा मी मागे राहिलो. तेव्हापासून पानं कोरी होती. कोरं पान बघवत नाही म्हणून लिहितो. माझी शाळा सात हिवाळ्यांची, तीही एक आठवडा शाळा आणि एक आठवडा गुरं अशी, त्यामुळे चुका असतील.

यंदा नाताळची बियर घरी करायची असं ठरवलं आहे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावातले बाप्ये घरोघर बियर चाखत फिरतात. त्रेचाळीस वर्षं ते माझ्या फाटकाशी येतात आणि पुढे जातात. घरची बियर नसलेल्या घरी थांबून करायचं काय? गुन्वोर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ते गेलेले बघायची. हातात लाकडी वाडगा आणि फडकं असायचं. वाडगा कोरडाच असायचा, तरी पुसत राहायची. कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा ते आत आले पाहिजेत. डॉक्टरने छातीला दोनदा नळी लावली आणि औषध न लिहिताच बॅग बंद केली. पुढच्या नाताळचं मी धरत नाही.

४ नोव्हेंबर

सगळं भंगारातून उभं करायचं आहे, आणि नशीब चांगलं दिसतं. काल सकाळी फाटकाजवळ, रस्त्याच्या वळणावर, बंद पडलेल्या डेअरीतली दुधाची टाकी पडलेली होती. दोनशे लिटरची. एका बाजूला पोचा आहे, पण गळत नाही. आत बर्फ भरू नये अशी तोंड खाली करून ठेवलेली. लोक हल्ली काय काय फेकून देतात!

ढकलत ढकलत शेडमध्ये आणली. पाठ गेली. रात्रभर वाटत राहिलं की चोरीचा आळ येईल.

९ नोव्हेंबर

बापाची तांब्याची कढई वरच्या घरी आहे, थोरल्या भावाकडे, एलिंगकडे. शेत त्याला, कढई त्याला, बियरचं विरजणही त्यालाच. म्हणून मी गुन्वोरचं कपडे उकळायचं भांडं घेतलं. तीन दिवस राख आणि वाळूने घासतो आहे. साबणाचा वास जात नाही. वास गेला की नाही हे बघायला मी नाक आत घालतो आणि मग तसाच बसून राहतो. घासणं राहून जातं.

तेलाच्या पिंपाला भोक पाडून चूल केली. धूर काढायला जुन्या गोठ्याचा पाइप लावला. दूध काढायच्या यंत्राची रबरी नळी आहे. तोटी मात्र जुन्या बंबाची, ती थेंब थेंब गळते. तिच्यावर चिंधी बांधली. चिंधी सुटली तर काय?

१५ नोव्हेंबर

आधी थोडीशी करून पाहायची म्हणून मोड आणून वाळवलेले जव एक गोणीभर आणले. त्यातले काही भरडून भिजवले, रस काढला, वीस लिटरच्या दुधाच्या कॅनमध्ये भरला. विरजण म्हणून बेकरीचं यीस्ट घातलं. विरजण घालताना आरोळी द्यायची रीत आहे, पण ओरडलो नाही. थोड्याशा मालासाठी ओरडायचं तरी काय?

वर झाकण घट्ट बसवलं, कडी लावली. घाण पडेल, उंदीर पडेल. माणसंही काही कमी नाहीत.

१६ नोव्हेंबर

सकाळी शेडमध्ये गेलो तर कडी उघडी! झाकण नुसतं वर टेकवलेलं. रात्री बर्फ पडला होता, त्यावर पावलं होती. उजवं पाऊल नीट उमटलेलं आणि डावं ओढलेलं.

असं एकच माणूस चालतो या खाडीत. तो पाय मीच मोडला आहे. बापाच्या मयताची बियर प्यायला सगळे जमले होते, एलिंग सगळ्यांदेखत म्हणाला, “धाकट्याला पाजू नका रे, रडेल.” मी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. लाकूड मोडलं की हाड, ते आवाजावरून कळलं नव्हतं. दोन्ही मोडली होती.

त्रेचाळीस वर्षांनी आता तो माझी बियर नासवायला येतो.

मी कडी पुन्हा लावली. वरून तारेचे सहा वेढे दिले. पक्कड लावून पिळले.

१८ नोव्हेंबर

कानाला पट्टी बांधून लिहितो आहे.

कॅनमधून कुजबुज येत होती म्हणून मी कान लावायला वाकलो. तेवढ्यात तो फुटला. तोफ उडावी तसा. झाकण माझ्या कानाजवळून वर गेलं, जाताना पाळीचा वरचा तुकडा घेऊन गेलं आणि छपरावरची दगडी फरशी फोडून बाहेर पडलं. तार चाबकासारखी उलटून गालावर बसली. कोंबड्या शेडच्या पलीकडच्या बाजूला असतात, त्यातली एक नुसत्या आवाजाने मेली. मी फेसात आणि रक्तात बसून होतो. बराच वेळ मला फक्त शिट्टी ऐकू येत होती.

एलिंगने त्यात काहीतरी टाकलं होतं. दुसरं काय? दूध कधी असं फुटत नाही.

कानाचा तुकडा सापडला नाही. कोंबडी शिजवली.

२५ नोव्हेंबर

हाल्वर्डकडे डुक्कर मारायला गेलो. तो माझा खालचा शेजारी, माणूस चांगला, तोंड सैल. न जावं तर लोक म्हणतात म्हातारा फुगला.

“सेव्हेरीनदादा,” त्याने अंगणातूनच हाक मारली, “कानाला काय झालं? बियर चावली म्हणे!”

“झाकण उडालं.”

“विरजण कसलं घातलं होतं?”

मी खोटं बोलायला हवं होतं. “बेकरीचं,” म्हणालो.

सगळे हसले. “मग कापून लोणी लावायचं, दादा! पिताय कशाला?”

एलिंग कुंपणाला टेकून उभा होता. तो हसला नाही. म्हणाला, “धाकट्या, विरजण कुणी कुणाला नाकारत नाही. मागावं लागतं, एवढंच.”

“तुझ्याकडे मागण्यापेक्षा खाडीचं पाणी पिईन.”

“पी. मीठ तरी फुकट मिळेल.”

हाल्वर्डचा कुऱ्हाडीच्या बोथट पाठीचा घाव तिरका बसला. डुक्कर पडलं, पुन्हा उठलं आणि अर्धी कवटी दबलेली घेऊन अंगणभर धावलं. एका बाईच्या हातातलं रक्ताचं भांडं उडवलं. शेवटी एलिंगने लंगडत जाऊन त्याच्यावर अंग टाकलं आणि मला ओरडला, “सुरी! अरे, सुरी घाल!” मी गुडघे टेकून बसलो. खाली डुकराची मान होती, तिच्या वर एलिंगची, शिरा ताणलेल्या. दोन्ही सुरीपासून सारख्याच अंतरावर.

“दादा,” हाल्वर्ड हळू आवाजात म्हणाला, “डुक्कर खाली आहे.”

मग मी सुरी घातली. सगळ्यांनी मला वाखाणलं, एका घावात गेलं म्हणून. एलिंग उठला, रक्ताने भरलेला, आणि माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. मला काही करायचं नव्हतं. खरंच करायचं होतं का, हे मला माहीत नाही.

५ डिसेंबर

जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या तोडल्या. टाकीच्या तळाशी त्यांचा थर घालायचा, म्हणजे रस गाळून येतो. काटे सगळ्या बोटांत गेले. ढवळायला बर्चच्या लाकडाचा दांडा तासला, छातीइतका उंच, जड. हातात घेतला की बापाचा दांडा आठवतो.

बाप म्हणायचा, विरजण घालताना जशी आरोळी, तशी बियर. गप्प घालाल तर पिणारे तोंडं पाडून बसतील. गरजून घालाल तर घर दणाणेल. मी नऊ वर्षांचा असताना त्याने मला टाकीशी उभं केलं. मी ओरडलो. एलिंग अजून सांगतो की कोकरू हरवल्यासारखं वाटलं. बापाने तोच दांडा माझ्या पाठीत घातला. “पुन्हा!” पुन्हा ओरडलो. पुन्हा दांडा. किती वेळा ते आठवत नाही. शेवटी माझा आवाज उरला नाही आणि त्याने एलिंगला पुढे ओढलं. त्या वर्षीची बियर नासली, आणि नासली ती माझ्यामुळे. तेव्हापासून आरोळी एलिंगची.

बाप कडक होता, पण त्याची बियर चांगली असायची. त्या दिवशी एलिंग अकरा वर्षांचा होता. तो ओरडला तेव्हा रडत होता, हे आज लिहिताना आठवलं. का रडत होता कोण जाणे. त्याला तर कुणी मारलं नव्हतं.

१२ डिसेंबर

किनाऱ्यावर जाऊन आरोळीचा सराव केला. खडकावर तीस-चाळीस समुद्रपक्षी बसले होते. मी ओरडलो. एकही उडाला नाही. एकाने मान वळवून पाहिलं.

१३ डिसेंबर

शेडला कुलूप नाही. कोयंडा कुजला आहे. दिवसातून तीनदा जाऊन दांडा घेऊन दाराआड बसतो. कोणी येत नाही. थंडीने गुडघे धरले. तोटीची चिंधी बदलली.

काल दाराशी कोरड्या बर्चच्या ढलप्यांची मोळी होती. हाल्वर्डने टाकली असेल. विचारलं तर म्हणतो, मी नाही. त्याला उपकार दाखवायची सवय नाही, हा त्याचा गुण.

१८ डिसेंबर, शुक्रवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पहाटे चूल पेटवली. फांद्यांचं पाणी उकळलं, जव भिजवले, दुपारपर्यंत रस गाळला. पोच्याच्या टाकीतून मधासारखा रस आला. मी चाखला. साबण नव्हता! मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. रस लाकडी पिंपात भरून निवत ठेवला. साडेतीनला अंधार पडला. बोट घालून पाहिलं, ताज्या दुधाइतका कोमट. मी घरात गेलो, बेकरीचं यीस्ट कपात कालवायला. फार तर दहा मिनिटं.

परत आलो तर शेडमध्ये कुणीतरी माझ्या पिंपावर वाकलं होतं. एक हात आत.

मी ओरडलो. शब्द नव्हताच. पोटातून काय आलं मला माहीत नाही. गोठ्यातल्या शेळ्या बिथरल्या. हाल्वर्डची कुत्री खाली, अर्ध्या मैलावर, भुंकायला लागली. त्याच ओरड्यात मी दाराआडचा दांडा घेतला आणि घातला. पहिला डोक्यात. तो वळला, तेव्हा दुसरा खांद्यावर. तो “धाकट्या” म्हणाला. तिसरा त्यानंतर घातला. हे मी लपवणार नाही. त्याने हाक मारल्यानंतर घातला.

एलिंग पिंपाला धरून खाली घसरला. डोक्यातून रक्त कपाळावर, डोळ्यात, दाढीत. मी कंदील उचलला आणि पाहिलं, रक्त पिंपात पडलं का. आधी पिंप पाहिलं. मग एलिंगला.

तो श्वास घेत होता. एक कान फाटून लोंबत होता, माझा तुटला त्याच बाजूचा.

त्याला हातगाडीत घातला. पाय बाहेर लोंबत होते. बर्फातून वरच्या घरापर्यंत ढकलत नेला, दोनदा गाडी उलटली. बोर्गहिल्ड दारात आली. “वहिनी,” मी म्हणालो. तिने आधी त्याच्या छातीवर कान ठेवला. मग उठून माझ्या दोन्ही गालांवर इतक्या जोरात मारलं की पट्टी सुटून माझा कान पुन्हा वाहायला लागला.

“तो काय करायला आला होता विचारलंस, भावोजी?” ती म्हणाली. “एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी, आधी विचारलंस?”

डॉक्टरची गाडी आली. मी गोठ्याच्या भिंतीमागे उभा होतो. एलिंग शुद्धीवर आलेला ऐकू आलं. “गोठ्याच्या उतारावरून पडलो,” तो म्हणाला. डॉक्टर म्हणाला, “तीन वेळा?” एलिंग म्हणाला, “उतार लांब आहे.”

१९ डिसेंबर

यीस्टचा कप काल दाराशी फुटला. म्हणजे पिंपात काही घातलेलंच नाही. बियर गेली. सकाळी ओतून द्यायला शेडमध्ये गेलो.

पिंप उकळत होतं.

आगीशिवाय. फेस कडेवरून खाली लोळत होता, आतून गुरगुर ऐकू येत होती. आधी वाटलं रक्तामुळे. रक्ताने बियर उकळते असं कधी ऐकलं नाही, पण ऐकलेलं आहेच किती? मी मागे सरलो. मग वास आला.

संत्र्याचा.

लहानपणी नाताळात एक संत्रं मिळायचं, दोघांत. आणि बापाची बियर फसफसायला लागली की घरभर हाच वास यायचा. बेकरीच्या यीस्टला हा वास नसतो. या खाडीत हा वास एकाच विरजणाला आहे.

पिंपामागे गुडघ्यावर बसून शोधलं. लाकडाच्या छोट्या तुकड्यांचं ओवलेलं कडं भिंतीशी पडलेलं होतं. बाप त्यावर विरजण वाळवायचा. खरवडून रिकामं केलेलं. एक कपचीसुद्धा शिल्लक नव्हती. सगळं माझ्या पिंपात होतं.

त्याची स्वतःची नाताळची बियर अजून व्हायची होती. हाल्वर्डकडे तो म्हणाला होता, या वर्षी उशिरा करतो आहे.

२१ डिसेंबर

बियर झाली. दोन दिवसांत. चाखली नाही. पहिला वाडगा ज्याने विरजण दिलं त्याचा, ही रीत आहे.

ओतून द्यावी का? तिच्यात त्याचं रक्त असेल. मी नीट पाहिलं होतं तरी असेल. वर जावं तर बोर्गहिल्ड कुऱ्हाड घेईल. घेतली तर तिचं चूक नाही. खोकला वाढला.

२४ डिसेंबर

गुन्वोरचा वाडगा भरून, वर फडकं बांधून चढलो. बर्फावर दोनदा पडलो, अर्धी सांडली. दार बोर्गहिल्डने उघडलं, वाडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बंद केलं. मी वाडगा पायरीवर ठेवून परत आलो. मागे वळून पाहिलं नाही. कुत्र्याने प्यायला तरी प्यायला.

२६ डिसेंबर, शनिवार

सकाळी आठपासून खिडकीशी उभा राहिलो. आता कळलं ती वाडगा का पुसायची. हाताला काहीतरी लागतं. मी फडकंच पिळत होतो.

अकराला ते रस्त्यावर दिसले, बाराजण. हाल्वर्डचा आवाज सगळ्यांच्या पुढे. फाटकाशी आले. थांबले. एकाने पुढच्या घराकडे पाय टाकला.

मग त्यांच्यातून एक डावा पाय ओढत बाहेर आला. डोक्याला फडकी, एक डोळा काळा आणि बंद, हात गळ्यात. काखेत गुन्वोरचा वाडगा. त्याने चांगल्या हाताने माझं फाटक उघडलं.

“धाकट्या,” तो दारात म्हणाला, “अर्धाच वाडगा देतात का कुणाला?”

मी भरून दिला. सगळे उभे, टोप्या हातात. तो प्यायला. डोळा मिटून बराच वेळ तोंडात धरली.

“त्रेचाळीस वर्षं बियर करतोय,” तो सगळ्यांना म्हणाला. “विरजण पडलं आणि अशी आरोळी आली, हे कधी झालं नाही. बापालाही जमलं नसतं.”

“आम्ही खाली ऐकली!” हाल्वर्ड म्हणाला. “मला वाटलं कुणाला मारतायत.”

“उतारावरून पडत होतो मी,” एलिंग म्हणाला.

मी कोपऱ्यात ओढून त्याला विचारलं, “मला सांगायचंस ना, विरजण घेऊन येतोय म्हणून.”

“सांगितलं असतं तर डोकं फोडलं असतंस.”

“फोडलंच की.”

“हो, पण विरजण पडल्यावर.”

बारा वाजेपर्यंत पिंप अर्धं झालं आणि बियरने आपला गुण दाखवला. हाल्वर्डने कुणाच्या तरी मेंढ्याची चेष्टा केली, त्या माणसाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, हाल्वर्ड टेबलावरून पलीकडे गेला आणि मग कोण कुणाला मारतो ते कळेना. बाक मोडलं. कुणाचा तरी दात माझ्या लोण्यात सापडला. भिंतीवरचं घड्याळ पडलं. कुणीतरी फेकलेलं स्टूल खिडकीतून बाहेर गेलं, गुन्वोरच्याच खिडकीतून. एलिंग चुलीशी बसून पीत होता, मोडका पाय लांब करून. स्टूल जाताना त्याने फक्त गुडघा हळूच बाजूला घेतला.

दोनला सगळे एकमेकांच्या गळ्यात हात घालून गाणी म्हणत पुढच्या घरी गेले. पुढच्या वर्षी इथूनच सुरुवात करायची म्हणाले.

एलिंग शेवटी उठला. विरजण पुन्हा धरावं म्हणून कडं मी पिंपाच्या तळच्या गाळात बुडवून ठेवलं होतं, ते त्याला दिलं. त्याने चुलीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. “इथे वाळू दे. अर्धं नंतर मला दे. माझी बियर राहिली आहे.”

“देईन.”

“आणि आरोळी द्यायला वर ये. फक्त हात रिकामे घेऊन ये.”

२७ डिसेंबर

खिडकीला पुठ्ठा लावला. वारा तरीही येतो. कडं वाळतं आहे, घरभर संत्र्याचा वास. वाडगा धुऊन पुसला, आज खरोखर ओला होता.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या, त्या आज वर जाऊन विचारल्या. नोव्हेंबरात माझ्या कॅनची कडी काढली कुणी? आणि टाकी फाटकाशी टाकली कुणी?

“वाऱ्याने,” एलिंग म्हणाला.

दोनशे लिटरची टाकी, तीही तोंड खाली करून. पण आमच्या खाडीतला वारा काय करेल सांगता येत नाही. गुन्वोर असती तर लिहून ठेवला असता.

उत्तरेचा वारा. खोकला कमी.